पाय चावतो

जानेवारीच्या शेवटी एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, त्या मुलीचा पाय आला ना शिबिरातून, पण ती घालायलाच तयार नाही. एवढा चांगला पाय कोनाड्यात पडलाय. तुम्ही येऊन जरा समजावून सांगा."

मी विशेष शिक्षिका. बीड जिल्ह्यातल्या एका गटसाधन केंद्रात माझी खुर्ची आहे, पण काम सगळं फिरतीचं. कमी दिसणारी, कमी ऐकू येणारी, सेरेब्रल पाल्सीची, शिकायला वेळ लागणारी मुलं रोजचीच. कृत्रिम पाय लावणारं मूल मात्र चार-पाच वर्षांत एखादंच वाट्याला येतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. यात माझी एक चूक आहे, तीही लिहिणार आहे.

घरचे तिला माऊ म्हणतात. इथेही तेवढंच पुरे. तेव्हा वय आठ, इयत्ता तिसरी. आईवडील ऊसतोडीला जातात. चार वर्षांची असताना तीही त्यांच्याबरोबर फडावर होती. ऊस भरून निघालेल्या ट्रॉलीखाली डावा पाय गेला. गुडघा वाचला आणि त्याखाली हाताच्या पंजाएवढा भाग उरला. गुडघा वाचणं ही लहान गोष्ट नव्हे. स्वतःचा गुडघा असला की चालताना दम कमी लागतो, पायऱ्या चढता येतात. शिवाय नडगीच्या हाडाची निम्म्याहून जास्त वाढ गुडघ्याकडच्या टोकाला होते, ते टोक तिच्याकडे शाबूत आहे.

पहिला पाय पाचव्या वर्षी मिळाला. तो दीड वर्षात आखूड पडला आणि त्यानंतर ती सरळ लंगडी घालत राहिली. घरात लंगडी, अंगणात लंगडी, शाळेच्या वाटेवर आजीचा हात धरून लंगडी. दुसऱ्या पायाचं माप श्रावणात एका शिबिरात घेतलं आणि पाय हाती पडला संक्रांत उलटल्यावर. आईबाप दिवाळीनंतरच कारखान्यावर गेलेले. घरी आजी आणि ती.

मी गेले तेव्हा पाय खरंच कोनाड्यात होता, प्लास्टिकच्या पिशवीत, कोरा करकरीत. आजी म्हणाली, "पिशवीतून काढला की पोरगी तोंड फिरवती. दोघांची गट्टीच जमंना बघा."

"का गं माऊ, का नाही घालत?"

"चावतो."

"पाय चावतो?" मुख्याध्यापक हसले. मीही थोडी हसले, हे कबूल करते.

नवी चप्पल चावते असं कोणीही म्हटलं की आपण लगेच वाकून बघतो, कुठे चावते विचारतो, पट्ट्याखाली कापूस घालतो. तेच पोरीने पायाबद्दल म्हटलं तर आम्हा तिघा मोठ्यांना तो बहाणा वाटला. तिने नेमका शब्द वापरला होता. आम्ही तो ऐकला नाही.

माझा तक्ता

मी काय केलं, तर तक्ता केला. जाड पुठ्ठ्यावर आठवड्याचे रकाने, रोज किती तास पाय घातला त्याची नोंद, तीन तासांच्या वर गेलं की चांदणी. वर्गशिक्षिका बाईंनी तो फळ्याशेजारी लावला. पोरींना चांदण्यांचं वेड असतंच. पहिल्या आठवड्यात रोजचा जेमतेम तास-दीड तास होता, तिसऱ्या आठवड्यात साडेचार तासांवर गेला. मी केंद्रात अहवाल लिहिला, साहित्याचा वापर समाधानकारक.

मग एक दिवस बाई फोनवर दुसऱ्याच कामाचं बोलता बोलता म्हणाल्या, "पाय घातला की ती जागची हलतच नाही हो मॅडम. पाणी प्यायलासुद्धा उठत नाही. आधी निदान उड्या मारत इकडेतिकडे फिरायची."

म्हणजे चांदण्यांसाठी पोरगी साडेचार तास पाय घालून एका जागी बसून राहत होती. मी तास मोजत होते. पाय चालण्यासाठी असतो, ती किती चालते हे कोणीच बघत नव्हतं. तक्ता मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन काढला. तिला वाटलं काहीतरी चुकलं, म्हणून ती रडवेली झाली. तिच्या चांदण्या कापून तिच्या वहीत चिकटवून दिल्या तेव्हा गप्प बसली.

पावणेदहा ते पाच

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी पावणेदहाला शाळेत जाऊन बसले ती शाळा सुटेपर्यंत. काही सांगायचं नाही, काही शिकवायचं नाही, नुसतं बघायचं. आमच्या कामात असा अख्खा दिवस एका मुलाला देणं परवडत नाही, पण दिला.

परिपाठाला ती दुसऱ्या रांगेत उभी होती. दोन्ही पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. प्रार्थना, प्रतिज्ञा, पसायदान, सगळं व्यवस्थित. मैदानातून वर्गाकडे आलीसुद्धा बऱ्यापैकी, थोडी झुकत. मग दार आलं. दाराबाहेर चपलाबुटांची रांग. सगळ्या पोरांनी काढले, तिनेही वाकून दोन्ही बूट काढले आणि उंबरठा ओलांडला. आणि तिची चाल बदलली. सपाट फरशीवर ती चढण चढल्यासारखी चालायला लागली. छाती पुढे, डावा गुडघा मागे ताठ, एक हात भिंतीला.

मी तिला परत बाहेर बोलावलं, बूट घालायला लावले. चाल सुधारली. काढले, पुन्हा बिघडली. एवढी साधी गोष्ट महिनाभर कोणाच्या नजरेत आली नव्हती.

कारण नंतर तंत्रज्ञांनी नीट समजावलं, ते इथेच सांगते. तिच्या पायाला बसवलेलं पाऊल सॅच प्रकारचं होतं. आत ताठ गाभा, टाचेला मऊ रबराची उशी, घोट्याला हालचाल नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत निघालेली ही रचना जगभर चालते, स्वस्त आहे, टिकते. पण ती बूट घालणाऱ्या माणसांच्या देशात जन्मली. बुटाची टाच पुढच्या भागापेक्षा साधारण सेंटिमीटरभर उंच असते, ते धरूनच पाऊल घडवतात आणि पाय सरळ उभा करतात. बूट काढला की टाच तेवढी खाली जाते, अख्खा पाय मागे कलतो आणि गुडघ्याला मागे रेटतो. स्वतःचा घोटा असलेल्या माणसाला हे कळतही नाही, घोटा आपोआप जुळवून घेतो. तिला घोटाच नाही.

आपल्याकडे घरात, देवळात, वर्गात माणूस अनवाणी असतो, उकिडवं बसतो, चिखलात उतरतो. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८च्या सुमारास रबराचं जे पाऊल घडवलं, ते नेमकं याच अडचणीतून. गंमत अशी की खेड्यात आज कुठल्याही कृत्रिम पायाला 'जयपूर फूट'च म्हणतात. माऊच्या कागदपत्रांवरही शाळेने तसंच लिहिलं होतं. नाव जयपूरचं आणि पाऊल सॅचचं.

वर्गात पोरं बसकर पट्ट्यांवर बसतात. मांडी घालायची तर तिचा पाय वळत नाही. मग ती डावा पाय पुढे लांब करून बसायची. येणाजाणारी पोरं त्याला अडखळायची. बाई म्हणायच्या, "माऊ, पाय आत घे." आत घेतला की सॉकेटची, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या कप्प्याची, मागची कड गुडघ्याच्या लवणीत रुतायची. तासाभरात मी तिला एकवीस वेळा चुळबुळताना मोजलं. मोजायची सवय जात नाही.

पाण्याचं तर वेगळंच. दिवसभरात ती एक घोट प्यायली नाही. शौचालय देशी, उकिडवं बसायचं, धरायला काही नाही. एकदा पडली होती, तेव्हापासून तिने पाणीच सोडलं. शाळेला विशेष गरजा असणाऱ्या मुलांसाठी रॅम्पचं शौचालय होतं की. कुलूप काढायला लावलं. आत कमोड होता, धरायचा दांडा होता, आणि पोषण आहाराच्या तांदळाची रिकामी पोती छतापर्यंत रचलेली होती.

मग मधली सुट्टी झाली. खिचडी खाऊन ती निंबाच्या झाडाखाली गेली, इकडेतिकडे बघितलं, मांडीवरचा पट्टा सोडला, पाय काढून खोडाला टेकवून उभा केला, वर आतला मोजा टाकला आणि निघाली. मी तोवर तिला चालताना बघत होते. आता पळताना बघितलं. उजव्या पायावर, दोन्ही हात पसरून, लंगडीच्या रिंगणात घुसली आणि दोन पोरींना शिवून बाहेर आली. बाकीची पोरं सात-आठ उड्यांत दमतात. ही दीड-दोन वर्षं रोज लंगडीच घालत होती, तिला दम कशाला लागतोय.

"ए माऊ! पाय घाल आधी! पडशील!" व्हरांड्यातून आवाज आला. ती थांबली. झाडापाशी गेली, पाय चढवला आणि ओट्यावर येऊन बसली. हातात वही देण्यात आली. गुण लिहायची जबाबदारी. शाळेत अशा मुलांना हमखास मिळणारं पद.

"मला गुण लिहायचे न्हाईत," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

त्याच वेळी मी तिला पाय पुन्हा काढायला सांगितला आणि मोजाही. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला जो हाडाचा उंचवटा असतो, तिथे रुपयाएवढा लाल डाग. लवणीत आडवा लाल वळ. पाय काढल्यावर थोडी लाली सगळ्यांनाच असते. पंधरा-वीस मिनिटांत ती गेली तर काळजी नाही. मी घड्याळ लावून बसले. वीस मिनिटांनी वळ फिका झाला होता, उंचवट्यावरचा डाग तसाच. माझ्याकडच्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या प्लास्टिकच्या स्प्लिंटसाठी पालकांना मी हाच नियम शंभरदा सांगितला असेल. हिच्या वेळी महिनाभर मोजा काढूनच बघितला नव्हता.

जाताना आणखी एक केलं. तिला बूट घालून उभं केलं आणि कमरेच्या दोन्ही हाडांवर तळहात ठेवले. डावी बाजू खाली. तिच्या डाव्या बुटाखाली एक शंभरपानी वही सरकवली, तरी किंचित कमी. वर चित्रकलेची पातळ वही ठेवली, तेव्हा हात एका रेषेत आले. पाऊण सेंटिमीटर. या वयाची नडगी वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढते. माप श्रावणातलं, पाय घातला माघात. मूल शिबिराच्या तारखेसाठी वाढायचं थांबत नाही.

लिपस्टिक

मार्चमध्ये आजी, माऊ आणि मी जिल्ह्याच्या गावी गेलो. एसटीने अडीच तास. कृत्रिम अवयव बनवणाऱ्या एका केंद्राची वर्कशॉप होती, प्लास्टरचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास. तिथले प्रोस्थेटिस्ट तरुण होते. पोरं त्यांना पायवाले दादा म्हणतात.

त्यांनी आजीला काही विचारलं नाही, मला काही विचारलं नाही. खाली बसले आणि माऊला म्हणाले, "कुठं चावतो?" तिने बोट ठेवलं. दादांनी ड्रॉवरमधून एक स्वस्तातली लिपस्टिक काढली. आजी बघतच राहिली. त्यांनी त्या जागेवर लिपस्टिकचा ठिपका लावला, वर पाय चढवला, तिला पाच-सहा पावलं चालवलं आणि पाय काढला. सॉकेटच्या आत लाल डाग उमटला होता. "हा बघ, इथं चावतो. आता याचे दात काढू." यंत्रावर तेवढी जागा घासून खोलगट केली. माऊ इतकी हसली की आजीच्या डोळ्यांना पदर लागला.

मोज्यांचं गणितही त्यांनीच सांगितलं. वाढत्या मुलाचा सॉकेट मुद्दाम थोडा सैल ठेवून आत दोन-तीन मोजे घालायला देतात. मूल वाढलं की एकेक मोजा कमी करायचा. माऊच्या पिशवीत तीन मोजे होते, आणि तिघांचा उपयोग काय हे कोणी सांगितलं नसल्याने आजी ते एकावर एक तिन्ही चढवत होती. म्हणजे सहा महिने वाढलेली पोर, मुळात घट्ट होत असलेला सॉकेट, वर तीन मोजे. चावेल नाही तर काय करेल? एका मोज्यावर आणलं.

मागची कड लवणीत रुतू नये म्हणून थोडी उतरवली. टाच-तळव्याला पाऊण सेंटिमीटरचा रबरी थर चिकटवला. राहिला अनवाणी चालण्याचा प्रश्न. दादा म्हणाले, पुढच्या पायाला अनवाणी चालतं असं रबराचं पाऊल लावू. तोवर हिला वर्गात बूट घालू द्या. एकाच पायात नाही, दोन्ही पायांत. नाही तर बुटाच्या तळाएवढा फरक पुन्हा पडेल.

वर्गात बूट

हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण मुख्याध्यापकांनी सगळ्यात जास्त विरोध या गोष्टीला केला. शौचालयातली पोती एका दिवसात हलली, ओट्याच्या कडेला लोखंडी दांडा शाळा व्यवस्थापन समितीने बसवून दिला, खर्चाबद्दल कोणी हूं की चूं केलं नाही. वर्गात बूट म्हटल्यावर मात्र, "मॅडम, आपण शाळेला मंदिर म्हणतो. आणि उद्या सगळेच घालून येतील." सर वाईट नाहीत. त्यांनी आयुष्यभर पाळलेली गोष्ट मी मोडायला सांगत होते.

मी वाद घातला नाही. माऊला बोलावलं आणि म्हटलं, सरांना दोन्ही प्रकारे चालून दाखव. ती बूट घालून ऑफिसच्या दारापासून कपाटापर्यंत गेली, बूट काढून परत आली. सरांनी बघितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वर्गातले वेगळे ठेवू. बाहेरची माती आत नको." दुसऱ्या दिवशी बाजारातून बुटांचा जोड त्यांनी स्वतःच्या पैशाने आणला.

बसायला ऑफिसातलं एक जुनं लाकडी बाक वर्गात नेलं. तिला एकटीला खुर्ची नको होती. "मी काय पाहुणी हाय का?" असं म्हणाली होती. बाकावर तिघं मावतात. बाईंनी पाळी लावली आणि आठवड्यात बाकावर बसण्यावरून मारामाऱ्या सुरू झाल्या. फरशीवर बसायला कोणालाच आवडत नव्हतं, हे त्या निमित्ताने कळलं.

उन्हाळ्यात सॉकेटच्या आत घाम साचतो आणि ओल्या कातडीला लगेच फोड येतो. म्हणून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात धुतलेले मोजे वर्गात ठेवले. मधल्या सुट्टीत जुना काढायचा, अंग कोरडं पुसायचं, नवा चढवायचा, सुरकुती पडू द्यायची नाही, शिवण बाहेरून. अंघोळ सकाळी असली तरी उरलेला पाय साबणाने रात्री धुवायचा. सकाळी धुतला की ओलसर कातडी दिवसभर आत कोंडते. एक मोजा कुत्र्याने पळवला, दोन आजीने धुताना गरम पाण्यात आटवले. मोजे पुरवणं हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चिवट प्रश्न ठरला. पाय शिबिरातून मिळतो. मोजे संपले की कोणाला मागायचे हे कोणत्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

ही बाद कशी व्हणार?

खेळाचं मात्र अजून ठरायचं होतं. सरांचं म्हणणं सरळ होतं. पडली, हाडबिड मोडलं तर जबाबदारी कोणाची? मी त्यांच्यासमोर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ठेवला, कलम १६. मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्या, एवढंच त्यात नाही. इतरांच्या बरोबरीने खेळाची आणि मनोरंजनाची संधी द्या, हेही त्याच वाक्यात आहे. सरांनी दोनदा वाचलं. कायद्याने मन वळतं असा माझा अनुभव नाही, पण 'जबाबदारी' या शब्दाला उत्तर म्हणून कागद कामी येतो. फिजिओथेरपिस्टनेही लिहून दिलं की पोरीने खेळायला हरकत नाही. उरलेल्या पायाला जाड मोजा आणि गुडघ्याला पट्टा घालावा, उजवी टाच किंवा गुडघा दुखतो का हे विचारत राहावं, मैदानातले बाभळीचे काटे वेचावेत. काटे वेचणं सगळ्यांच्याच फायद्याचं निघालं.

पाय घालून खेळायचं की काढून? मोठ्यांची मतं ठरलेली होती. माझंही होतं. इतका खटाटोप करून चांगला बसवलेला पाय झाडाला टेकवून ठेवायचा म्हणजे काय? पण लंगडीत पाय घातला की त्याचं ओझं हवेत लोंबकळत राहतं, पट्टा घसरतो. माऊचं म्हणणं बरोबर होतं. लगोरीत, शिवणापाणीत, क्रिकेटच्या फिल्डिंगला ती आपणहून पाय घालून उतरायला लागली होती. लंगडीला तेवढा काढायची. ते आम्ही तिच्यावर सोडलं.

पोरांनी मात्र सोडलं नाही. पहिल्याच दिवशी भांडण. चौथीतला एक पोरगा तावातावाने माझ्याकडे आला. "मॅडम, दुसरा पाय टेकला की बाद. हिला दुसरा पायच न्हाई. मग ही बाद कशी व्हणार?"

मी आणि बाई एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्या सगळ्या प्रशिक्षणांत, सगळ्या पुस्तिकांत मूल खेळात मागे पडेल तर काय करायचं ते असतं. इथे तक्रार अशी होती की हिला हरवताच येत नाही, आणि तक्रार रास्त होती. कोणाला तिची दया आलेली नव्हती. बाई काही बोलणार तेवढ्यात मी त्यांना थांबवलं. पोरांनी रिंगण सोडून झाडाखाली पंचायत भरवली. कोणी म्हणालं हिला पाय घालून खेळवा, कोणी म्हणालं हिच्या दोन खेळी कमी करा. शेवटी माऊनेच सुचवलं: मी हात टेकला की बाद. एक हात टेकला तरी. पोरं तयार झाली. त्या सुट्टीत ती दोनदा बाद झाली आणि दुसऱ्यांदा चिडून घरी निघाली होती.

खो-खोचं जमलं नाही. रांगेत उकिडवं बसून झटक्यात उठणं तिला पायासकटही जमेना आणि पायाविनाही. बाईंनी तिला खांबापाशी उभं करून बघितलं, पण खेळ मोडायला लागला. तिने ते सोडून दिलं. काही गोष्टी जमत नाहीत.

कारखान्यावरून आईचा व्हिडिओ कॉल यायचा. आईला पाय घातलेली माऊ बघायची असायची, दोन्ही बुटांत, उभी. आजी मोबाइल दूर धरायची. माऊ उभी राहायची, एक गिरकी घ्यायची. कॉल संपला की पाय काढून पळायची.

पुन्हा चावतो

पुढच्या वर्षी, चौथीत, पोळ्याच्या सुमारास ती म्हणाली, "चावतो." या वेळी कोणी हसलं नाही. बाईंनी मोजा काढून बघितला आणि मला फोटो पाठवला. उरलेल्या पायाच्या खालच्या टोकाला, पुढच्या बाजूने, कातडी ताणून चकचकीत झालेली. बोटाने चाचपलं तर आत पेन्सिलीच्या टोकासारखं काहीतरी.

लहान वयात हाड मधून कापावं लागलं की कापलेल्या टोकाला हाड पुन्हा निमुळतं वाढत राहतं. सांध्यातून पाय काढला असेल तर हे होत नाही. नडगीत आणि दंडाच्या हाडात हे विशेष दिसतं. कधी कधी ते कातडी फाडून बाहेर येतं. वाढ थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा होऊ शकतं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात टोक छाटलं. वेळेवर गेलो, जखम झाली नव्हती. दोन महिने पाय बंद. तिसऱ्या आठवड्यापासून ती कुबड्यांवर शाळेत यायला लागली आणि बाकावरची तिची जागा पोरांनी धरून ठेवलेली होती. बाकावर बसायची पाळी चुकू नये हाही त्यात हेतू असणार.

दिवाळीनंतर नव्या पायाची ट्रायल ठरली. वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली, टोळी निघालेली, तरी ते दोन दिवस मागे थांबले आणि वर्कशॉपमध्ये आमच्याबरोबर आले. पायाजवळ यायला संकोचत होते. भिंतीला टेकून उभे राहिले. नवं पाऊल रबराचं, अनवाणी चालता येणारं. दादांनी पाय चढवला, पट्टा लावला. माऊ बूट न घालता फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. छाती पुढे नाही, हात भिंतीला नाही.

"चावतो का?"

"न्हाई." मग तिने खाली फरशीकडे बघितलं. मोठ्या चौकोनी लाद्या होत्या, जिबलीची घरं आखल्यासारख्या. "दादा, ह्याच्यावर लंगडी येती का?"

"नव्या पायावर? त्याच बाजूनं?" दादा थोडे गोंधळले. मग तिच्या दोन्ही बाजूंना हात धरून उभे राहिले. "बघ. हळू."

तिने उजवा पाय उचलला. एक लादी. दुसरी. तिसरीला तोल गेला पण सावरला. वडील भिंतीपासून दोन पावलं पुढे आले. चौथ्या उडीला ती वाकडी झाली, दादांचे हात तिने झिडकारले आणि दोन्ही तळवे फरशीवर टेकले.

"बाद," ती म्हणाली.